ठरावाची दरखास्त : रावबहादूर सीताराम केशव बोले

जो व्यापारी न्यायकचेरीची पायरी एकदा तरी चढला आहे, त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उधारीचा दावा जिंकून हुकूमनामा हाती पडला, म्हणजे रक्कम तिजोरीत आली असे होत नाही. हुकूमनाम्यानंतर दरखास्त द्यावी लागते, बेलिफाच्या मागे हिंडावे लागते, ऋणको ज्या ज्या हरकती काढील त्या त्या निस्तराव्या लागतात. आणि पुष्कळदा असे होते की, दावा चालविताना जो त्रास झाला नाही तो हुकूमनाम्याची बजावणी करविताना होतो. जो धनको हुकूमनामा चौकटीत बसवून भिंतीस टांगतो आणि दरखास्त देत नाही, त्यास पेठेतले कोणी शहाणा म्हणणार नाही. आश्चर्य इतकेच की, हा व्यवहार पुरता जाणणारे आपण लोक कायदेमंडळातील आपल्या प्रतिनिधीची पारख करताना तो साफ विसरून जातो. अधिवेशन मुंबईस भरो की नागपुरास भरो, आमदाराने कोणता प्रश्न विचारला, कोणावर तोंडसुख घेतले, कोणता ठराव आणला, एवढे आपण पाहतो. त्या ठरावाचे पुढे काय झाले, हे विचारावयास त्याच्या दारी कोणी जात नाही; दारी गेलोच तर बदलीची शिफारस मागावयास किंवा लग्नाचे आमंत्रण द्यावयास जातो.

या विस्मृतीवर औषध म्हणून आम्ही आज एका जुन्या कायदेमंडळ-सभासदाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव मुंबईस दादरच्या एका रस्त्यास दिलेले आहे, आणि महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना त्यांच्या ठरावाचा एका वाक्यात उल्लेख करून वक्ते पुढे सरकतात. गृहस्थ मात्र त्या एका वाक्याहून बरेच मोठे होते. ते १९६१ साली नव्वदी उलटल्यावर वारले. त्यांची हकिकत आपल्या छत्रपती संभाजीनगराच्या नागरिकांस विशेष उपयोगाची का आहे, हे पुढे ओघाने येईलच.

बोले यांचा जन्म कोकणातून मुंबईत स्थिरावलेल्या भंडारी समाजातला. ताडी-माडी काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारने झाडांवरील कर वाढवून व मक्त्यांची पद्धत घट्ट करून या व्यवसायाच्या नरड्यास नख लावले. म्हणजे कायदेमंडळात बसलेल्या चार शहाण्यांनी केलेला एक कायदा हजारो घरांच्या चुली कशा विझवितो, याचा धडा बोले यांच्या पिढीने पुस्तकात वाचला नाही, घरात गिरविला. तरुणपणीच त्यांनी आपल्या जातीत शिक्षणाचा प्रसार व ऐक्य यांसाठी चळवळ आरंभिली. जातीच्या संस्थेपासून सार्वजनिक कार्यास सुरुवात करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ झाले व आजही आहेत. त्यांतले बहुतेक त्या अंगणातच फिरून फिरून म्हातारे होतात. बोले यांनी कुंपण ओलांडले, हे त्यांचे पहिले वैशिष्ट्य.

ते ओलांडून गेले ते गिरणगावात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेली गिरणी कामगारांची चळवळ १८९७ साली प्लेगाने त्यांचा बळी घेतल्यावर थंडावली होती. त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबावयाचे ही निसर्गाने घातलेली मर्यादाही उरली नाही. चौदा-चौदा तास यंत्रापुढे उभे राहण्याची पाळी मजुरांवर आली. अशा वेळी, १९०९ च्या सुमारास, बोले व त्यांचे सहकारी तालचेरकर यांनी कामगार हितवर्धक सभा काढली. संप करणारी ही संघटना नव्हे. अर्ज करणे, साक्षी देणे, मालक व मजूर यांच्या तंट्यात मध्यस्थी करणे, ‘कामगार समाचार’ हे पत्र चालविणे, असे तिचे मवाळ स्वरूप होते, आणि पुढच्या काळातील लढाऊ पुढाऱ्यांनी त्याबद्दल तिची थट्टाही केली. परंतु १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ मजुराच्या दिवसास बारा तासांची मर्यादा प्रथमच घातली, त्यामागे ज्या मागण्यांचा रेटा होता त्यांत या सभेचाही आवाज होता. कायदा म्हणजे पोटाशी संबंध असलेली वस्तू आहे, ही बोले यांची समजूत येथे पक्की झाली असावी.

याच सुमाराची एक लहान गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून महार जातीतला एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली, तिचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याच सभेत त्या मुलास आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. मॅट्रिक झालेल्या मुलाचे कौतुक करण्यात मोठा पराक्रम नाही. पण त्या काळी तेवढे करणारेही किती थोडे होते, हे ध्यानात आणले म्हणजे त्या खुर्चीची किंमत कळते.

आता कायदेमंडळाकडे वळू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणे १९२१ साली मुंबईचे नवे कौन्सिल सुरू झाले. मतदानाचा हक्क मालमत्तेवर ठरलेला, मतदार मूठभर, आणि गव्हर्नरच्या हाती राखीव अधिकार पुष्कळ. राष्ट्रीय सभेने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. बोले या कौन्सिलात शिरले ते ब्राह्मणेतर पक्षाच्या बाजूने. राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी त्या वेळी अशा सभासदांची गणना सरकारच्या होयबांत केली, आणि पुढे रावबहादुरीची पदवी मिळाल्यावर तर तोंडी लावण्यास आयतेच सापडले. आम्ही स्वतः राष्ट्रीय परंपरेत वाढलेले आहो. परकी सरकारने दिलेल्या पदव्यांचे आम्हांस प्रेम नाही, आणि परसत्तेच्या छत्राखाली मिळालेल्या सोयीस स्वातंत्र्य समजण्याची जी चूक त्या पक्षातील काहींनी केली, ती आम्ही झाकूही इच्छीत नाही. पण हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. राष्ट्रीय सभेने १९१७ साली कलकत्त्यास अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करावे असा ठराव केला होता. १९१८ साली मुंबईस विठ्ठल रामजी शिंदे यांच्या प्रयत्नाने भरलेल्या अस्पृश्यतानिवारक परिषदेत लोकमान्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध निःसंदिग्ध भाषण केले, परंतु अस्पृश्यता पाळणार नाही या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही झाली नाही. सही आणि भाषण यांमधल्या त्या अंतरात आमच्या पक्षाची सारी अडचण साठलेली होती. ज्यांस आम्ही होयबा म्हणालो त्यांच्यातील एकाने ते अंतर कायदेमंडळात ओलांडावयास घेतले, हे कबूल करणे आमच्यावर ऋण आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांस करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. या ठरावाची घडण कायदेशीर दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यात शास्त्रार्थ नाही, पुराणातला दाखला नाही, दयेची याचना नाही. कसोटी एकच: पैसा कोणाचा? ज्या विहिरीस सरकारी अगर नगरपालिकेचा पैसा लागला, ती त्या पैशात भर घालणाऱ्या प्रत्येकाची. महारही मीठ खात होता, कापड नेसत होता, जकात भरलेल्या मालावर जगत होता. मग कर देताना ज्याचा पैसा बाटत नाही, त्याच्या घागरीने तळे कसे बाटते? वैदिकांस या प्रश्नाचे उत्तर देणे जड गेले असते. व्यापाऱ्यास तर प्रश्न विचारताच पटावा इतका तो सरळ आहे. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट व रस्ते यांविषयी जो नियम आहे, त्यातही राज्याच्या पैशाने राखलेली जागा ही कसोटी आढळते. आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई सरकारने आपल्या खातेप्रमुखांस ठरावाप्रमाणे वागण्याचा आदेश दिला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठरावही केला. कागदोपत्री सर्व झाले. प्रत्यक्षात एकही घागर तळ्यात बुडाली नाही. याचे कारण त्या काळच्या राज्यपद्धतीत होते, तसे माणसांतही होते. कौन्सिलचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस; तो कायदा नव्हे, आणि तो मोडणाऱ्यास शिक्षा नाही. सरकार नगरपालिकांकडे बोट दाखवी, नगरपालिका लोकमताकडे बोट दाखवी, आणि लोकमत म्हणजे ज्यांच्या घरापर्यंत पाणी पोचत होते त्यांचे मत.

सामान्य सभासद असता तर येथे थांबला असता. सत्कार झाला, वर्तमानपत्रांत नाव आले, पुढच्या निवडणुकीस सांगावयास काम झाले. बोले थांबले नाहीत, आणि म्हणूनच आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते. तीन वर्षे वाट पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते दुसरा ठराव घेऊन कौन्सिलपुढे उभे राहिले: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणण्याचे नाकारतील, त्यांस सरकारने अनुदान देऊ नये. ही त्यांची दरखास्त. उपदेशाने जे होत नाही ते थैलीची नाडी आवळल्याने होते, हे ज्ञान त्यांनी गिरणगावातून आणले असो की बाजारातून, पण ते खरे होते. सार्वजनिक पैशावर उभी राहिलेली संस्था जनतेच्या एका भागास दाराबाहेर ठेवीत असेल, तर जनतेचा पैसा तिला का मिळावा, हा प्रश्न त्यांनी कायदेमंडळाच्या दप्तरात कायमचा नोंदवून ठेवला.

त्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या एका प्रयत्नास यश आले, ते जोशी वतनाच्या बाबतीत. गावोगाव ग्रामजोश्यांचा वतनी हक्क असे. यजमानाने लग्नास दुसरा भटजी बोलाविला, किंवा कोणीच न बोलाविता सत्यशोधक पद्धतीने लग्न लावले, तरी न केलेल्या कामाची दक्षिणा मागण्यास जोशी न्यायालयात येत व हुकूमनामे मिळवीत. काम केले नाही तर मजुरी नाही, हा जो नियम गवंड्यास व सुतारास लागू, तोच पुरोहितास का लागू नसावा? १९२६ च्या कायद्याने असल्या दाव्यांचा पाया काढून घेतला. येथे बोले शिफारशीवर थांबले नाहीत. कायदाच करून घेतला. बोले ब्राह्मणद्वेष्टे आहेत असा ओरडा तेव्हा झाला. तो कायदा मात्र न केलेल्या कामाच्या वसुलीविरुद्ध होता. खोतांच्या जाचाखाली दबलेल्या कोकणातील कुळांचीही कैफियत त्यांनी कौन्सिलात मांडली. ते काम पुढे आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक आणून उचलले, आणि खोती नाहीशी करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले.

महाडची पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. आम्ही ती वाचकांस तारखांच्या क्रमाने आठवून देतो, कारण त्या तारखाच बोलक्या आहेत. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर देवळात शिरणार अशी खोटी हूल उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तोच स्पृश्यांनी तळे खाजगी असल्याचे सांगून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तो दावा खालच्या न्यायालयांतून वर चढत १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात संपला. अस्पृश्यांस वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही, म्हणून निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. कौन्सिलच्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे सात महिने लागले. एका ओंजळीस एवढा वेळ! आणि या वेळात तळ्याच्या काठी आडवे उभे राहिले ते कोणी परके शिपाई नव्हते. नगरपालिकेचे सभासद, दुकानदार, पुरोहित, वकील, म्हणजे आपल्यासारखेच लिहिते-वाचते नागरिक होते. त्याच गावचे सुरेंद्रनाथ टिपणीस व त्यांच्यासारखे काही स्पृश्य लोक अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरता कामा नये. गाव एकच, जात-वर्ग एकच. फरक पडला तो ज्याच्या त्याच्या निश्चयाने.

आता आपल्या भागाकडे पाहू. बोले यांचा ठराव मुंबई इलाख्यापुरता होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९३४ साली आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास जाताना वाटेत दौलताबादेस उतरले. किल्ल्याच्या दरवाजाजवळ काठोकाठ भरलेल्या टाक्यात प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी हातपाय धुतले; तेव्हा तेथील मुसलमान रहिवासी पाणी बाटविले म्हणून ओरडत धावून आले, आणि किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवणार नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, त्यांस आत सोडण्यात आले. विटाळाची ही कल्पना धर्माची शीव ओळखीत नव्हती. ज्या मनुष्याने पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेचा मसुदा घडविला, त्यास आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर तोंड धुण्यास मनाई झाली, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? आणि त्याच मनुष्याने १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढून या मागासलेल्या विभागास विद्येचे दार उघडून दिले, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी तरी त्या ऋणाची फेड कशी केली?

त्या फेडीचा हिशेबही तारखांत आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. पाठोपाठ आपल्याच विभागातील खेड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. मोर्चे झाले, १९७९ साली नागपुराहून निघालेला लाँग मार्च झाला, सरकारे आली व गेली. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. साडेपंधरा वर्षे! परसत्तेच्या दुबळ्या कौन्सिलची शिफारस प्रत्यक्षात यावयास जेवढा काळ लागला, त्याहून अधिक काळ स्वतंत्र राज्याच्या सार्वभौम जनतेने निवडलेल्या दोन सभागृहांच्या एकमुखी ठरावास लागला. कौन्सिलपाशी अधिकार नव्हता म्हणून महाडास उशीर झाला, ही सबब चालेल; आमच्या उशिरास ती चालत नाही. येथे अधिकार होता. कमी पडला तो अंमल करविण्याचा नेट, आणि त्याहून कमी पडले ते आम्हां मध्यमवर्गीय शहरवासीयांचे धैर्य. जाळणारे थोडे होते. घरात बसून दारे लावून घेणारे फार होते.

बोले यांच्या चरित्रात दोष नाहीत असे नव्हे. त्यांचा मार्ग अर्ज-विनंतीचा होता, आणि तळ्यात उतरण्याचे जे धाडस महाडास लागले ते कोणत्याही कौन्सिलच्या बाकावरून होणारे नव्हते. त्यांच्या ठरावाने तळे उघडले नाही, ही टीका अक्षरशः खरी आहे. परंतु तो ठराव नसता, तर महाडास पाणी पिणाऱ्यांच्या मागे कायदेमंडळाची मान्यता उभी नसती, आणि नगरपालिकेने आपला ठराव रद्द करून जगापुढे आपले तोंड उघडे पाडले नसते. कायदा दार दाखवितो, लोक ते ढकलतात. पैकी एकाचे काम दुसऱ्याने करावयाचे नसते. बोले यांनी आपले काम केले, आणि ते अपुरे पडते आहे असे दिसताच त्याच सभागृहात परत येऊन तसे सांगण्याचा प्रामाणिकपणा दाखविला. आपलाच ठराव निष्फळ झाल्याची कबुली सरकारदरबारी देणारे सभासद तेव्हाही थोडे होते.

वाचकांस आमची विनंती फार लहान आहे. प्रत्येक दुकानदार दिवाळीस वह्या बदलतो, तेव्हा जुन्या खातेवहीतील येणे नव्या वहीत ओढून घेतो. बुडीत म्हणून सोडून देत नाही. आपल्या आमदाराच्या बाबतीत एवढेच करावे. त्याने कोणता ठराव केव्हा मांडला, कोणते आश्वासन सभागृहात मिळविले, त्याची नोंद तारखेसह ठेवावी. वर्ष लोटले म्हणजे त्याच्या दारी जाऊन विचारावे की, महाराज, याच्या दरखास्तीचे काय झाले? विचारताना मात्र एक प्रश्न स्वतःसही करावा: ज्याच्या अमलाची आपण विचारपूस करीत आहो, त्याच्या वाटेत आपल्याच गल्लीतला, आपल्याच जातीतला, आपल्याच घरातला कोणी आडवा उभा नाही ना? ऋणको घरातच बसलेला असेल, तर बेलिफाने बाहेर कितीही दवंडी पिटली तरी वसुली होत नाही.